रोमाल्दला ताप होता

चोडणच्या खाजणाला दोन मानशी.
उत्तरेची इनासकडे, दक्षिणेची शाबलोकडे,
मध्ये बांध, खारफुटी, अर्ध्या तासाची पायवाट.
नियम एकच: एका भरतीला एकच दार.

इनासचं घड्याळ इगर्जीच्या घंटेवर चालायचं,
शाबलोचं रेडिओवर, सेल असले तर.
म्हणून चिठ्ठीवर वेळ लिहायची नाही.
फक्त आकडा.
दार उघडलं, एक. जाळं लावलं, दोन.
चिठ्ठी आली की तिचा आकडा बघायचा, आपला बघायचा,
मोठा घ्यायचा, त्यात एक मिळवायचा.
चिठ्ठ्या नेणारा रोमाल्द चौथी नापास,
पण पाठवणं हे मिळण्याच्या आधीच असतं
एवढं त्यालाही कळायचं.

मग एका अवसेला दोन्ही दारं उघडी.
कोरगुटसुद्धा पिवळा पडला.
गांवकरीच्या बैठकीत दोन वह्या:
इनासची सेहेचाळीस, शाबलोची एकावन्न.
लहान आकडा आधी, कोणीतरी ओरडलं.
माझे वडील कारकून. चष्मा काढून म्हणाले,
या दोन नोंदींच्या मध्ये एकही चिठ्ठी गेलेली नाही.
रोमाल्दला ताप होता.
यात आधी कोणीच नाही.

लोक चिडले. आधी कोणी नाही, तर दंड कुणाला?

आज पाटोवरच्या कचेरीत
तीन शहरांतले तीन सर्व्हर, एका खात्यावर दोन नोंदी.
साहेब पडद्यावरचे मिलिसेकंद बोटाने दाखवतात,
विचारतात, आधी कुठली?
मी म्हणते, रोमाल्दला ताप होता.
ते माझ्याकडे बघत राहतात.

पुढचं मी त्यांना सांगितलं नाही.
त्या दोघांनी मग ठरवलं, चिठ्ठीची पोच द्यायची.
मग पोचेची पोच.
मग, तुला कळल्याचं मला कळलं
हे तुला कळलं का, त्याची.
रोमाल्दच्या पायांना फोड आले
आणि तरी शेवटची चिठ्ठी ज्याने धाडली
तो दारावर हात ठेवून रात्रभर जागाच.

एका रात्री दोघेही न राहवून निघाले.
बांधाच्या मध्यावर, चिखलात, समोरासमोर.
इनासने कंदील वर केला.
दोघांनी एकमेकांना
बघताना बघितलं.
एक शब्द नाही.

दोन्ही वह्यांत त्या रात्री एकच आकडा आहे.
दारांवर मात्र कोणीच नव्हतं.