अकराशेवा पीस

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
भाडं बंद नसतं.
विजेचा डिमांड चार्ज, बँकेचं व्याज,
फाटकावरचा सात्ताप्पा, त्याची शिट्टी, त्याची बॅटरी,
आणि वरच्या खोलीत पंख्याखाली मी,
आम्ही सगळे एकाच रकान्यात राहतो.
भट्टी पेटो न पेटो,
महिन्याचे चार लाख बासष्ट हजार.

दुसऱ्या रकान्यात जे वितळतं, झिजतं, घामेजतं ते.
पिग, भंगार, बेंटोनाइट, कोळशाची पूड,
युनिटागणिक वीज, नगावर घासणाऱ्या पोरांची मजुरी:
एका पंप-केसिंगला अकराशे वीस.
विकतो पंधराशे चाळीसला.
उरतात चारशे वीस.
पुस्तकात याला अंशदान म्हणतात.
मी वहीत हातभार लिहिते.

भूपालअण्णा मगदूमांचा हिशेब निराळा.
पीस दोन्ही हातांनी उचलायचा, डोळे मिटायचे,
आणि मिसळीच्या बिलामागे किलोचा दर लिहायचा.
चाळीस वर्षं चाललं तसं.
फक्त आतून पोकळ, पातळ भिंतीचे,
तीन-तीन कोअर गिळणारे पीस
वजनाला हलके म्हणून स्वस्त सुटायचे
आणि साधे ठोकळे त्यांचा खर्च गुपचूप वाहायचे.
कागदावर दाखवलं तेव्हा
अण्णा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"म्हंजे जाड्यांच्या जिवावर बारकी जगली म्हणा की.
घरात तरी दुसरं काय असतंय?"

चार लाख बासष्ट हजार भागिले चारशे वीस.
बाकी शून्य.
एक हजार नव्व्याण्णवाव्या पिसापर्यंत आपण खड्ड्यात,
अकराशे एकाव्यापासून वर,
आणि मधला एकच
जो कुणाचं काही लागत नाही.

मला तो बघायचा होता.

तेवीस तारखेला, दुसऱ्या पाळीत
खडू घेऊन जिना उतरले.
चपलेत वाळू गेली, ती अजून गरम होती.
"काय मॅडम, शाळा घेतासा काय?" आकाराम म्हणाला,
आणि त्यानं पेटी उलटी केली.
काळी वाळू सांडली. आत केसिंग,
राखाडी, खाली बघत बसलेलं.
ते निवेपर्यंत दोनदा चहा झाला.
मग मी त्याच्यावर लिहिलं, ११००,
शाळेतल्यासारखं, ठळक.

इर्शादनं त्याच्या कडेनं बोट फिरवलं.
मध्येच थांबला.
बॅटरी मारली, मान हलवली.
काखेत मसुराच्या डाळीएवढं भोक.
"हे गेलं."

शंभरात चार जातात.
ते मी अकराशे वीसमध्ये आधीच धरलंय.
म्हणजे याच्या मरणाचे पैसे
बाकीच्यांनी कधीच भरलेत,
हा ओतायच्या आधी.
वहीत याला सर्वसाधारण घट म्हणतात,
आणि त्या ओळीवर माझी सही असते.

"आकडा पुसू काय?"
"राहू दे."

भंगाराच्या ढिगावर तो आकड्यासकट पडला.
मागं वळले तोवर
आकारामनं ओळीनं चार पेट्या फोडल्या होत्या,
चारही चांगल्या निघाल्या,
आणि त्यातला पहिला कुठला
हे कुणालाच सांगता येईना.

"म्हंजे आता फायदा सुरू झाला म्हणा,"
तो कपाळ पुसत म्हणाला,
"मग आमच्यात काय बदलतंय?"

चोवीस तारखेला त्याचा दर तोच.
पंचवीसलाही तोच.
तो ज्या रकान्यात आहे
तो नगाबरोबर वाढतो, नगाबरोबर थांबतो,
आणि माझा रकाना सोमवारीसुद्धा चालू असतो.
हे मला तोंडपाठ आहे. शिकवूही शकेन.

मी म्हणाले, "बघते."

फाटकाशी टेम्पो लागला होता.
सात्ताप्पानं शिट्टी मारली.
खडू मुठीतच राहिलेला,
जिन्याच्या कठड्यावर, वरपर्यंत,
पांढरी बोटं उमटत गेली.