चौपन्न फूट

हीटर तळघरात, पूर्वेच्या भिंतीशी.
न्हाणीघर वरच्या मजल्यावर, पश्चिमेला.
मधे चौपन्न फूट तांबं.
घर बांधणाऱ्याला काय ठाऊक,
की इथे कोणीतरी रात्रपाळी करून
सकाळी पावणेआठला घरी येणार आहे.

डुलुथचा जानेवारी. नळातून येतं ते पाणी नव्हे,
सुपीरियर सरोवराचा तळ.
विनया धारेखाली बोटं धरून उभी.
अजून गार. अजून गारच.
एकदा मी बादली लावली, घड्याळ धरलं:
एक मिनिट पन्नास सेकंद,
सहा लिटर आणि वर तांब्याभर.
"मोजून काय होणार?" ती म्हणाली.
माझ्याकडे उत्तर नव्हतं, वही होती.

पहिला पंप मी अहोरात्र चालू ठेवला.
गरम पाणी घरभर प्रदक्षिणा घालत राहिलं,
कोणी नसताना, कोणाला नको असताना,
तळघरातल्या कोळ्यांना शेकत.
तोटी सोडली की वाफ. विनया खूश.
महिनाअखेर गॅसचं बिल आलं.
वर्लिन गुस्ताफसन, सत्तरीचा प्लंबर,
उघड्या नळीवर तळहात ठेवून म्हणाला,
पंपाचं पोट चिमणीएवढं,
खाते ती ही.
नुसतं तयार राहायचं म्हटलं
तरी त्याचे पैसे पडतात.

मग टायमर. सात ते साडेआठ.
पण वॉर्डाला कुठे दिसतो आमचा टायमर?
कधी ती साडेनऊला आली,
कधी दुसऱ्याची पाळी अंगावर घेऊन थेट रात्री.
पंप मात्र वेळेवर निघाला,
रिकाम्या न्हाणीघरापर्यंत गेला
आणि परत आला.

दोन रविवार नळ्यांना फोमच्या बाह्या चढवल्या,
कोपरांना, सांध्यांना, झडपेच्या मानेलासुद्धा.
परतीच्या वाटेवर एकमार्गी झडप,
नाहीतर पंप बंद असला तरी गरम पाणी
आपलं आपणच वर चढून रात्रभर हिंडतं.
वर्लिन याला भुताची फेरी म्हणतो.
टोकाला सेन्सर: पस्तीस अंश, की थांब.
आणि गॅरेजच्या दाराशी, कोटाच्या खुंटीखाली
एक बटण. दारावरच्या घंटेचंच,
वर्लिनच्या डब्यात कधीचं पडून होतं.

आता ती येते, बटण दाबते.
बुटांचे बंद सुटेपर्यंत
गार सहा लिटर मोरीत न जाता
मुकाट हीटरकडे परततात, रांगेत शेवटी उभे राहतात.
मला अंथरुणात गुणगुण ऐकू येते,
दीड मिनिट, मग टक्.
पाऊल वाजायच्या आधी
घर मला सांगतं, आली.

मार्चमधल्या एका मंगळवारी
गुणगुण झाली, टक् झालं
आणि पुढे काहीच नाही.
जिना नाही. नळ नाही.
नळीत पाणी उभं.
फोममुळे चाळीस मिनिटं धरतं, वहीत लिहिलंय मी.
पाच. अकरा. वीस.
सांगायला लाज वाटते, पण मी मोजत होतो.
सत्ताविसाव्याला खाली गेलो.

गॅरेजच्या पायरीवर बसली होती,
एक बूट पायात, एक हातात.
"नऊ वर्षांचा होता," एवढंच.
मी शेजारी टेकलो. सिमेंट हाडात शिरत होतं.
रस्त्यावरून बर्फ ओढणारी गाडी गेली,
बऱ्याच वेळाने दुसऱ्या बाजूने परत आली.

उठताना, तिच्या डोक्यावरून हात लांबवून
मी बटण पुन्हा दाबलं.
ती म्हणाली, वाया जाईल.
मी म्हटलं, जाऊ दे.

वहीत त्या दिवशी फेऱ्या दोन, आंघोळ एक.
हिशेब जुळत नाही.
मी तो तसाच ठेवला आहे.