दहापैकी किती

महाचाईच्या सरकारी इस्पितळात
पहाटे पाचला माणसांच्या जागी चपला रांगेत उभ्या असतात.
चपलांना कुणी कागद विचारत नाही.
सातला खिडकी उघडते. मग विचारतात.

खिडकीवर दरपत्रक, त्याला तीन रकाने:
इथले, शेजारचे, लांबचे.
सुई एकच.
दंडही साधारण सारखेच.

मी दुभाषी.
गळ्यातल्या पट्टीवर माझं नाव थाई लिपीत, जरा चुकलेलं.
सहा वर्षं झाली, दुरुस्त करा म्हणायचं राहूनच गेलं.
मोन, बर्मी, थाई आणि गरजेपुरती इंग्रजी.
एकाचं दुखणं उचलून दुसऱ्याच्या टेबलावर ठेवायचं,
वाटेत सांडू द्यायचं नाही.
‘ती म्हणते’ असं म्हणायचं नाही,
‘मला’ म्हणायचं, असा नियम शिकवलाय.
म्हणून आज सकाळपासून मला
एकदा कावीळ झाली, दोनदा कळा आल्या,
आणि परातीवरून पडून मुका मार लागला.

न्यो न्यो कोळंबी सोलते. हातमोजा फाटका.
काटा बोटात मोडून आठ दिवस झाले,
बोट वांग्यासारखं जांभळं, तुकतुकीत.
नर्स ओराथाई तक्ता पुढे करते,
हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे.
‘दहापैकी किती?’
न्यो न्यो चेहऱ्यांकडे बघत नाही,
घड्याळाकडे बघते.
‘दोन.’

दोन म्हणजे मलमपट्टी, दुपारची पाळी गाठता येते.
आठ म्हणजे खाट, आणि खाडा.
मला सगळं ठाऊक. पण नियम.
‘मला दोन दुखतंय,’ मी म्हणाले.
थाईत दुखण्याला दोन शब्द आहेत,
चिरल्याचा एक, आतून ठणकण्याचा एक.
मी ठणकण्याचा घेतला.
तेवढीच माझी लबाडी.

ओराथाईने मनगट हातात घेतलं,
काखेत चाचपलं, ओठांचा रंग पाहिला,
आणि कागदावर आठ लिहिलं.
मग मुकादमाला फोन लावून तिने जे काही सुनावलं
त्याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.
ते माझ्याकडेच आहे.

पुरुषांचा वॉर्ड, सतरा नंबर: वेसेल, वय अठ्ठ्याहत्तर.
मूळ हॉलंडचा, आता मिठागरांच्या रस्त्यावर घर.
पंचाहत्तरीला विमा कंपनीने हात वर केले,
तोवर तो बँकॉकच्या काचेच्या इस्पितळात जायचा.
तिथे खाली पियानो वाजतो, जेवणाच्या ट्रेमध्ये ऑर्किड असतं,
असं सांगत सांगत तो
शेजारच्या खाटेखाली पथारी टाकलेल्या बाईने दिलेला
चिकट भात बोटांनी खातो.
‘दहापैकी?’
‘नऊ.’
मग हळूच मला: ‘तिथे नऊ म्हटलं की सगळे धावत यायचे.
बिलसुद्धा.’

ओराथाईने साधीच गोळी दिली.
पोटरी दाबून सूज पाहिली,
आणि बाहेर अडतीस जण खोळंबलेले असताना
त्याच्या खाटेच्या कडेला चार मिनिटं टेकली.
चारच. मी मोजली.
‘तिथे मला सर म्हणायचे,’ वेसेल म्हणाला,
‘इथे आजोबा म्हणतात.’
हे तक्रार म्हणून सांगू की कौतुक म्हणून?
त्यालाही नक्की माहीत नसावं.
मी जसंच्या तसं सांगितलं.
ओराथाई म्हणाली, आजोबांची सलाईन संपत आलीये.

तो तिसऱ्या रकान्यात. न्यो न्यो दुसऱ्या.
माझं कार्ड मार्चमध्ये संपतं,
मग बघू कुठला रकाना.

रात्री खोलीवर परतते.
दिवा मालवला की दाढ ठणकायला लागते.
मी गालाला हात लावून अंधारात आठवत राहते,
कुणाची.