सव्वाआठचा फोन

पूर्वी हे काम यंत्र करायचं.
सव्वाआठला एक कोरडा आवाज
दोनशे घरांत एकदम बोलायचा:
आपला पाल्य आज शाळेत नाही.
दोनशे घरं फोन ठेवून द्यायची.

मग व्होंद्राबाई आल्या, समुपदेशक म्हणून.
म्हणाल्या, डोरीन, यंत्र बंद कर. तू बोल.
मी हजेरीची कारकून, मी काय बोलू?
काय झालं, एवढंच विचार, म्हणाल्या,
आणि उत्तर येईपर्यंत ठेवू नकोस.

इथे नेब्रास्कात, प्लॅट नदीच्या काठाला,
वारा फिरला की गावभर मांसाच्या कारखान्याचा वास.
जुनी माणसं त्याला पैशाचा वास म्हणतात
आणि खिडक्या लावून घेतात.

सेर पॉच्या घरी वडील उचलायचे.
एक वाक्य त्यांच्या कारेनमधलं, एक माझ्या इंग्रजीतलं,
मध्ये लांबलचक काहीच नाही,
आणि शेवटी दोघांना येणारा एकच शब्द,
ताब्लू. आभार.
कशाचे, ते दोघांनाही ठाऊक नाही.

तेविसाव्या दिवशी ती स्वतः बोलली, झोपेतून:
रात्रपाळी.
अठरा पूर्ण झाली होती. वडिलांचा खांदा गेला होता.
हाडं कापायच्या पट्ट्यावर आता ती उभी राहायची.

मी चिठ्ठी लिहिली. वाटलं, जाईल कचऱ्यात.
पण सोमवारी साडेदहाला एक बस पुन्हा निघाली,
जवळजवळ रिकामी,
आणि बॉयलरच्या शेजारच्या खोलीत
बीजगणिताचे उरलेले अर्धे वर्ष मांडून
ओकाफोर सर बसले. घंटा नाही.
डुलकी लागली तर वीस मिनिटं लागू द्यायची,
मग पुन्हा त्याच उदाहरणापासून.

पेन धरताना तिची बोटं पुरती मिटायची नाहीत.
सरांनी जाड खडू दिला. ती फळ्यावर सोडवायची.

एल्मेर तामला मी चाळीस सकाळी फोन केला.
हेही लिहायला हवं.
एकेचाळिसाव्या सकाळी तो नंबर
आयोवातल्या कुठल्याशा बाईचा होता.
तिनं नीट ऐकून घेतलं. म्हणाली,
सापडू दे हो तुमचा मुलगा.

मे महिन्यात जिममध्ये खुर्च्या मांडल्या.
सेर पॉच्या झग्याखाली कामाचे बूट.
वडील एका हातानं टाळी वाजवत होते, मांडीवर.
मंचावर मिळते ती नुसती फोल्डर, आत कोरा पुठ्ठा;
खरं प्रमाणपत्र नंतर माझ्या खिडकीतून न्यायचं.
गंगेत घोडं न्हालं, म्हणत सगळे केक खायला गेले.

घोडं पेंड खात होतं ते जुलैत.
शाळा बंद. पटावर तिचं नाव नाही,
म्हणजे गैरहजेरीही नाही.
व्होंद्राबाई तरीही यादी घेऊन आल्या,
एकसष्ट नावं, कॉलेजात जागा मिळालेली.
म्हणाल्या, या दोन महिन्यांत पोरं गळतात,
आणि तेव्हा ती कुणाचीच नसतात.
सव्वाआठला सुरू कर.

सेर पॉ म्हणाली, मी नाही जाणार.
काय झालं?
लसीचा दाखला मागतात. तो थायलंडच्या छावणीत राहिला.
एवढंच?
बराच वेळ काही नाही. मी ठेवला नाही.
आणि पासवर्डही विसरलेय, म्हणाली.

दोन सुया, दीड डॉलरचा शिक्का, एक नवा पासवर्ड.
यावर आयुष्य अडलं होतं,
आणि आम्ही चार वर्षं तिला जिद्द शिकवत होतो.

ऑगस्टच्या शेवटी, नवी यादी पुढ्यात,
सव्वाआठला माझाच फोन वाजला.
मागे गाड्यांचा आवाज, तिला धाप लागलेली.
काही झालं का?
नाही, म्हणाली. इथे गाडी कुठे लावायची असते?

त्या कॉलेजात मी आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही.
म्हटलं, थांब. ठेवू नकोस.
बघते.