हात न लावता वळणारं चाक

तन्वीर सनदीनं झेन आणली ती पोटावर सरपटत.
फाटकाच्या लोखंडी पट्टीला तिचा खालचा ओठ घासला
आणि उद्यमबागच्या तिसऱ्या क्रॉसला
सकाळी साडेदहाला ठिणगी पडली.

"मामा, दिसते कशी?"

दिसते की.
ग्राइंडर मारून स्प्रिंगचे दीड वेढे उडवलास,
अडीच इंच बसली, पोरं वळून बघतात.
पण खड्ड्यात ही कुणाचं ऐकते, ते सांग.

तो नखातलं ग्रीस काढत राहिला.
मग म्हणाला, मच्छेच्या पुढं,
हात सरळ धरलेला असताना
ती आपणहून डावीकडं बघते.

बघणारच.
आर्म वर तोंड करून बसला म्हणून
कुणीतरी बॉल जॉइंटला स्पेसर घालून त्याला आडवा केला,
टायरॉडला मात्र विसरला.
उसातल्या दोन सऱ्यांसारखे लगोलग जाणारे ते दोघे,
आता एकाचा फेर एक, दुसऱ्याचा दुसरा,
आणि मधल्या फरकाएवढं चाक वळतं.

स्प्रिंग काढून ठेवली.
हबला फळी आवळली, फळीच्या दोन टोकांना दोन डायल.
शिवबसू जॅक मारतो, एक सेंटिमीटर, थांबतो,
काट्यांतली वजाबाकी तोंडानं करतो,
"ऐदू."
पाच, मी भिंतीवर खडूनं लिहितो.
"आरू."
सहा.
बावीस वर्षं आमचं हे असंच चाललंय,
चूक झालीच तर ती जॅकची.

तन्वीरचा दोस्त म्हणाला, एवढं कशाला,
स्टिअरिंग आर्म गॅसवर लाल करा, खाली वाकवा,
अर्ध्या तासाचं काम.

शिवबसूनं माझ्याकडं बघितलं नाही.
मीही त्या खिळ्याकडं बघितलं नाही
जिथं एका टेम्पोचा आर्म टांगलाय, मोडलेला,
मोडल्या जागी साखरेसारखा दाणेदार.
तो मी तापवला होता. अर्ध्या तासात.
मी तेव्हा सव्वीसचा, आणि घाईला हुशारी म्हणायचो.
निंगाप्पा त्या टेम्पोत होता, सुतगट्टीच्या उताराला.
खंडेनवमीला तो अजून येतो,
काठी लेथला टेकवून ठेवतो, चहा पितो,
पावसाचं बोलतो, बटाट्याच्या दराचं बोलतो.
एकदा तरी शिवी द्यायची होती त्यानं.

गॅस नाही, मी म्हटलं. उद्या या.

आर्मचं भोक वाढवलं, आत बुश ठोकली,
टेपर उलटा, रीमर हातानं,
कारण मशीनला कळत नाही कुठं थांबायचं.
निळी शाई लावून पिन बसवली, काढली.
अर्ध्यावरच निळी. परत रीमर. परत शाई.
चौथ्यांदा वरपासून खालपर्यंत सारखी उमटली
आणि शिवबसू म्हणाला, "साकु."
वरून जाणारा टायरॉड आता खालून गेला,
कॅसल नट, स्प्लिट पिन, पिनेचे दोन्ही पाय दुमडून.

खडूचा नवा रकाना:
अर्धा. अर्धा. पाव. अर्धा.

"शून्य का नाही आलं?" पोरगं विचारतं.
शून्य लागत असेल तर गाडी उभी ठेव.

दुपारी जांबोटी रोडला घेतली.
कुसमळीच्या पुलाअलीकडं रस्ता म्हणजे
कुणीतरी उकरून ठेवलेली परडी.
मी तन्वीरला म्हटलं, हात उचल.
"सोडू?"
सोडू नको. उचल. बोटभर.
खड्डा आला, पुढचा खांदा दबला,
बंपरनं एक दगड चाटला, माझ्या पोटात आलं,
आणि चाक सरळ बघत राहिलं.

तो हसला. गाणं लावायला गेला.
मी म्हटलं, थांब जरा, ऐकू दे.
मला डावीकडून एक टिक ऐकू येत होती,
फार बारीक, दर फेऱ्याला एक,
बहुतेक टायरात अडकलेला खडा असावा.
तरी उतरलो. रस्त्यावर आडवा झालो,
पिनेचे दोन्ही पाय
पुन्हा बोटानं चाचपून बघितले.