आधी जमीन, मग तार

सिव्हिल लाइन्सच्या हॉलमध्ये माझ्या अडतीस स्लाइड.
एकोणिसावी लाडकी:
बंद वाहिनीवर डिस्चार्ज रॉड कसा लावावा.
निळे बाण, लाल बाण, आणि चित्रातला एक माणूस
ज्याला घाम येत नाही.
मी हात हलवून बोलले, चांगलं बोलले.
मागच्या रांगेत एसीखाली कुणी डोळे मिटून ऐकत होतं.
शेवटी, "काही प्रश्न?"
प्रश्न नव्हते.
टाळ्या, गुलाबाचं फूल, आलूबोंडा.
साहेब म्हणाले, "सगळं कव्हर केलंत मॅडम."
खरंच.
सगळं झाकूनच आले होते मी.

दुसऱ्या दिवशी हिंगण्याचं आवार,
चव्वेचाळीस अंश, एक डमी खांब, चौदा लाइनमन.
प्रोजेक्टर आणला होता पिशवीत,
त्या उन्हात कुठल्या भिंतीवर काय दिसणार.
म्हटलं, "तितरमारे, तुम्ही दाखवा."
"आता का दाखवाचं मॅडम,
तेवीस वर्सं झाले, चढूनच राह्यलो."
"तरी."
ते चढले. रॉडचा आकडा सरळ तारेकडे गेला.
जमिनीचा क्लॅम्प खाली धुळीत,
कुणी त्याला हात लावला नव्हता.

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं,
एकोणिसावी स्लाइड, तिसरा बाण.
हॉलमध्ये असते तर बोलून मोकळी झाले असते.
इथे दोन्ही हात पाठीमागे धरले
आणि गप्प राहिले.
मोजलं. नऊ, दहा, अकरा.
खालून किसन उईके, कंत्राटी पोट्टा, हळूच म्हणाला,
"काका, तार जिती असती त?"
तितरमारे वरच थांबले.
क्लॅम्पकडे बघत राहिले.
मग कुणाकडेच न बघता,
"पारशिवनीले असंच झालतं. वासुदेवचं.
मी खाली उभा होतो."

काल मी विचारलं होतं, काही प्रश्न?
ते तिसऱ्या रांगेत बसले होते.

मग दिवसभर एवढंच.
आधी जमीन, मग तार.
काढताना उलटं, आधी तार, मग जमीन.
चौदा माणसं, पाच-पाच वेळा,
शेवटची खेप डोळ्यांवर दुपट्टा बांधून.
मी बोलले असेन वीसेक वाक्यं.
किसनच्या हातमोज्याला अंगठ्याशी भोक निघालं,
ते माझ्या कुठल्याच स्लाइडवर नव्हतं.
रजिस्टरमध्ये लिहिलं, मोजा बदलून मागितला.
जाताना कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
तितरमारेंनी फक्त विचारलं, "उद्या येता का?"

परवा रात्री वावटळ सुटली आणि
प्रतापनगरात लाइन गेली.
कूलर थांबला, त्याच्या गवतातून
थेंब पडत राहिले टाकीत.
शेजारचे गॅलरीत चिडलेले,
फोन उचलत नाहीत म्हणे.
नका उचलू.
मी अंधारात पडून म्हणत होते,
परमिट. स्विच. कुलूप. तपासणी.
आता जमीन.
कुठल्या खांबावर कोण आहे, ठाऊक नाही,
माझ्या चौदांतला असेल, नसेलही,
मोजा बदलून मिळाला असेल, नसेलही.

एक वाजून दहा मिनिटांनी पंखा हलला.
गल्लीभर "आली, आली!"
मी मात्र अजून काढण्यावरच होते,
आधी तार,
मग