रात्रभर म्हणजे किती

"किती तास वाजवायचंय?"
दुकानात माझा पहिला प्रश्न हाच असतो.
हिल्क्का म्हणाली, "रात्रभर."
मी कॅल्क्युलेटर हातात धरून थांबलो.
जूनच्या त्या आठवड्यात आमच्या साइमा सरोवरावर
सूर्य अकराच्या सुमारास बुडतो, पावणेचारला वर येतो,
आणि मधल्या वेळात बाहेर बसून पेपर वाचता येतो.
त्यातली रात्र कुठून कुठवर मोजायची?
"नऊ ते पाच धर," ती म्हणाली,
"आणि वकिली नको."

मागच्या वर्षी बोटीत एकच बॅटरी होती,
इंजिनाची आणि गाण्यांची मिळून.
एक वाजता अकॉर्डियनचा घसा बसला,
मग ते गप्पच झालं,
मग किल्ली फिरवली तर नुसतं टक्. टक्.
ओइवानं तीन किलोमीटर वल्ही मारली, शिव्यांच्या तालावर,
आणि त्याचा कमरेचा नवाकोरा सांधा
जुन्यासारखा दुखला आठवडाभर.

म्हणून आधी हे, मी म्हणालो:
घरी परतायची बॅटरी वेगळी.
तिच्यातला घोटभरही गाण्यानं प्यायचा नाही. मध्ये स्विच.
"आमच्या घरी पगाराचं असंच असायचं," हिल्क्का म्हणाली.
"स्विच मी होते."

अँप्लिफायरवर लिहिलंय चारशे वॅट.
ती नुसती फुशारकी.
मी मीटर लावून तिच्याच कॅसेटी वाजवून पाहिल्या:
टँगो फार खात नाही.
मधे मधे थांबतो, श्वास घेतो, उसासतो,
सरासरी नऊ अँपिअर.
नऊ आठे बहात्तर.

आता शिशाची बॅटरी घ्यायची तर
अंगावर छापलेल्या आकड्यातला निम्माच आपला,
उरलेल्याला हात लावला की ती लवकर मरते.
म्हणजे दीडशेची लागणार,
म्हणजे त्रेचाळीस किलो.
हिल्क्कानं कपाटातली ती खोकी पाहिली,
मग स्वतःची मनगटं पाहिली.

लिथियमची शंभराची बारा किलो. किंमत तिप्पट.
"पण दहा वर्षं टिकते," मी उत्साहानं म्हणालो,
आणि म्हणून झाल्यावर जीभ चावली.
ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.
हसली इतकी, की चष्मा काढून पुसावा लागला.
"टिकू दे की. कुणीतरी टिकायलाच हवं."
आणि हिवाळ्यात घरात ठेवायची, मी घाईघाईनं पुढे गेलो,
शून्याखालच्या थंडीत ती भरून घेत नाही.
"मी तरी कुठे घेते," ती म्हणाली, आणि पाकीट उघडलं.

बसवायला मीच गेलो.
तेव्हा कळलं की बेटावर नाचाचा एक मंडप होता,
छप्पर गेलं, मग परवाना गेला, वीज तर कधीचीच तोडलेली.
उरलाय फक्त धक्का, बारा फळ्यांचा,
आणि चार माणसं.
बोट आडवी बांधायची, स्पीकर फळ्यांकडे वळवायचे.
एवढ्यासाठी हे सगळं गणित.

नऊला सुरू झालं.
सिल्वीनं घरच्या चपला काढून नाचाचे बूट घातले,
मधली सातवी फळी सैल आहे म्हणून
सगळे तिच्यावरून लांब पाऊल टाकत होते,
इतक्या सफाईनं, की मला वाटलं तो नाचाचाच भाग.
एक नाच माझ्याही वाट्याला आला.
वेइक्को म्हणाला, पोरा, तू माणूस धरतोयस, बॅटरी नव्हे.

अडीच वाजता ओइवा खुर्चीवर बसला तो उठलाच नाही.
सिल्वीनं बूट काढून मांडीवर घेतले.
हिल्क्का वाकून मीटर बघायला आली.
एकावन्न.
"निम्मी उरली," मी म्हणालो, जरा ओशाळून,
जास्तीची विकली असं वाटायला नको म्हणून.
ती काही बोलली नाही.
आवाज थोडा कमी केला, बंद नाही केला,
आणि थर्मासमधली उरलेली कॉफी
पाच कपांत ओतायला बसली,
पुरेल का ते न बघता.